‘बिनडोक’ इंजिनाचे शहाणपण

लंडनमध्ये थेम्सच्या काठी, अल्बर्ट एम्बँकमेंटवर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे मुख्यालय आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे जमलेल्या सदस्य राष्ट्रांनी, जहाजांच्या कर्बवायूवर जागतिक आकारणी बसवू पाहणाऱ्या आराखड्याचा निर्णय ५७ विरुद्ध ४९ मतांनी वर्षभरासाठी लांबणीवर टाकला. हाच आराखडा त्याच संघटनेने एप्रिलमध्ये मान्य केला होता. अमेरिका आणि सौदी अरेबिया यांचा विरोध, युरोपीय राष्ट्रांचा आग्रह आणि लहान बेटराष्ट्रांची हतबलता या सर्वांविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. मात्र त्या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूला राहिला. आज जे जहाज बांधायला घेतले जाईल ते पंचवीस-तीस वर्षे समुद्रावर राहणार आहे. त्याच्या पोटात कोणते इंजिन बसवायचे, हा निर्णय जहाजमालकाला मात्र एक वर्षही लांबणीवर टाकता येत नाही.

कोणते इंधन स्वस्त पडेल हे ठाऊक नसताना इंजिन निवडायचे, असा हा पेच आहे. अशा वेळी अभियंत्यांचे लक्ष जुन्या, अडगळीत गेलेल्या कल्पनांकडे वळते. त्यांतली एक कल्पना म्हणजे समोरासमोरच्या पिस्टनांचे डिझेल इंजिन. विसाव्या शतकात या इंजिनाने जहाजे हाकली, पाणबुड्या चालवल्या, आगगाड्या ओढल्या आणि मग ते जवळजवळ नाहीसे झाले. ते का गेले हे नीट समजून घेतले, तर आजच्या निर्णयाला उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते.

डोके काढले तर काय होते?

नेहमीच्या इंजिनात सिलिंडरच्या एका तोंडातून पिस्टन खाली-वर होतो आणि दुसरे तोंड ‘सिलिंडर हेड’ नावाच्या जाड झाकणाने बंद असते. व्हॉल्व्ह, त्यांच्या स्प्रिंगा, इंधनाचा फवारा सोडणारा इंजेक्टर, गार पाण्याच्या वाटा हा सारा संसार त्या डोक्यात थाटलेला असतो. जळणाऱ्या इंधनाची बरीच उष्णता याच डोक्यातून पाण्यात निघून जाते, म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या ऊर्जेचा एक हिस्सा समुद्राला अर्पण होतो. तडे जाणारा, गळणारा आणि वारंवार उघडावा लागणारा भागही बहुधा हाच.

समोरासमोरच्या रचनेत हे डोकेच नसते. एका लांब सिलिंडरमध्ये दोन पिस्टन एकमेकांकडे तोंड करून धावतात. ते जवळ आले की मधली हवा दाबली जाऊन तापते, बाजूने इंधनाचा फवारा येतो, स्फोट होतो आणि दोघेही विरुद्ध दिशांना ढकलले जातात. एका ज्वलनकक्षावर दोन पिस्टन काम करत असल्यामुळे उष्णता गिळणारा पृष्ठभाग कमी आणि कामाला लागणारा दाब अधिक, असा दुहेरी लाभ होतो. सिलिंडरच्या एका टोकाला हवा आत घेणाऱ्या खिडक्या असतात, तर दुसऱ्या टोकाला जळका वायू बाहेर सोडणाऱ्या. त्या उघडण्या-मिटण्याचे काम पिस्टन स्वतःच करतात, त्यामुळे व्हॉल्व्हची गरज राहत नाही. ताजी हवा एकाच दिशेने वाहत जुना धूर पुढे ढकलून बाहेर काढते. दोन फेऱ्यांच्या म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाची जी मूळ अडचण, जुना वायू पूर्णपणे बाहेर काढण्याची, ती येथे सुरेख सुटते.

फायदे असे असले तरी हिशेब एकतर्फी नाही. दोन पिस्टन म्हणजे दोन क्रँकशाफ्ट, आणि त्या दोघींची शक्ती एका दांड्यावर आणण्यासाठी गिअरांची माळ किंवा लांब जोडदांडे. धुराच्या बाजूचा पिस्टन अखंड भाजून निघतो, कारण त्याच्या वाट्याला गार हवा येतच नाही. खिडक्यांवरून सरकणाऱ्या रिंगा झिजतात, वंगणाचे तेल धुराबरोबर निसटते. आणि दुरुस्तीसाठी आत शिरायचे तर आधी बरेच काही उतरवावे लागते. या रचनेच्या शंभराहून अधिक वर्षांच्या वाटचालीत जमेची बाजू नेहमी हीच राहिली आणि खर्चाची बाजूही.

संडरलँडचे वैभव

या कल्पनेचा उगम जर्मनीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्यूगो युंकर्स यांनी डेसाऊ येथे गॅसवर चालणाऱ्या अशा इंजिनावर काम केले. जहाजांत तिला खरी प्रतिष्ठा दिली ती मात्र इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील संडरलँडने. वीअर नदीकाठच्या विल्यम डॉक्सफर्ड आणि पुत्र या कंपनीचे पहिले असे इंजिन १९२१ मध्ये ‘इंगारेन’ या स्वीडिश मालकीच्या मालवाहू जहाजावर बसले. डॉक्सफर्डने दोन क्रँकशाफ्टची भानगड टाळली. खालचा पिस्टन मधल्या क्रँकला जोडलेला आणि वरचा पिस्टन दोन्ही बाजूंनी खाली उतरणाऱ्या लांब दांड्यांनी त्याच शाफ्टवरील दोन बाजूच्या क्रँकना जोडलेला. वरच्या पिस्टनची धाव खालच्यापेक्षा कमी ठेवून त्यांनी तोलही साधला. परिणामी हे इंजिन त्या काळच्या मानाने कमी हादरे देणारे आणि इंधनाला काटकसरी ठरले. ब्रिटिश व्यापारी ताफ्यात त्याने अनेक दशके मानाचे स्थान राखले.

मग ते मागे कसे पडले? डेन्मार्कच्या बर्माइस्टर अँड वेन या कंपनीने हवेचा एकदिशा प्रवाह कायम ठेवला, पण वरचा पिस्टन काढून त्या जागी धुरासाठी एकच मोठा व्हॉल्व्ह बसवला. टर्बोचार्जर आले, धातुशास्त्र सुधारले आणि त्या व्हॉल्व्हचे आयुष्य वाढले. वरचा पिस्टन, त्याचे दांडे आणि बाजूचे क्रँक यांवाचून तेच काम होऊ लागल्यावर जहाजमालकांनी साधेपणा पसंत केला. १९८० मध्ये डॉक्सफर्डचे इंजिन-उत्पादन थांबले आणि १९८८ च्या अखेरीस संडरलँडमधील जहाजबांधणीच संपली. आज त्या व्हॉल्व्हवाल्या घराण्यातील जी-८० प्रकारच्या इंजिनाचा सिलिंडर ८०० मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव ३,७२० मिलिमीटर असते. म्हणजे दोन पिस्टन मिळून जी लांब धाव साधत, तिच्याही पुढे एकटाच पिस्टन गेला. अशी संथ इंजिने इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा कामाला लावतात. डॉक्सफर्डचा पराभव झाला, परंतु हवेला एका दिशेने वाहू देण्याचे तिचे तत्त्व जिंकले, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

त्रिकोणाची करामत

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांना या घराण्यातले अधिक परिचित नाव म्हणजे ‘डेल्टिक’. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश नौदलाला वेगवान गस्तीनौकांसाठी हलके आणि बलवान डिझेल इंजिन हवे होते, कारण पेट्रोलवर चालणाऱ्या नौका गोळी लागताच पेट घेत. नेपियर कंपनीने तीन सिलिंडर त्रिकोणात मांडले आणि त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांवर एकेक क्रँकशाफ्ट ठेवला. प्रत्येक क्रँकवर एका सिलिंडरचा हवेच्या बाजूचा आणि शेजारच्या सिलिंडरचा धुराच्या बाजूचा पिस्टन. परंतु तिन्ही क्रँक एकाच दिशेने फिरले तर पिस्टनांची वेळ जुळेना. नौदलाच्या आरेखन विभागातील हर्बर्ट पेनवॉर्डन यांनी तोडगा सुचवला की एक क्रँक उलटा फिरवा. तेवढ्याने धुराचा पिस्टन हवेच्या पिस्टनपेक्षा २० अंश पुढे राहू लागला आणि हवे ते गणित आपोआप जमले.

अठरा सिलिंडर, छत्तीस पिस्टन आणि सुमारे ८८ लिटर घनफळ असलेल्या या यंत्राने नौदलाच्या नौकांवर सुमारे २,५०० अश्वशक्ती दिली. सुरुंग काढणाऱ्या लाकडी नौकांनाही ते मानवले, कारण अॅल्युमिनियमचा मुबलक वापर असल्यामुळे त्याचा चुंबकीय ठसा क्षीण होता. रेल्वेसाठी त्याचा जोर मुद्दाम कमी करून प्रत्येकी १,६५० अश्वशक्तीची दोन इंजिने एका गाडीत बसवली गेली. १९६१-६२ मध्ये अशी २२ इंजिने लंडनच्या किंग्ज क्रॉसहून एडिनबराला जाणाऱ्या मार्गावर आली आणि त्यांनी वाफेच्या ५५ इंजिनांची जागा घेतली. ताशी १०० मैलांचा वेग आणि तरीही वजन शंभर टनांच्या आत, ही त्या काळातली मोठीच मजल होती.

या यशाचे रहस्य मात्र निव्वळ यंत्रात नव्हते. देखभालीची जबाबदारीही इंग्लिश इलेक्ट्रिक या निर्मात्याने करारातच स्वीकारली होती. इंजिन बिघडले की ते गाडीतच उघडून बसायचे नाही, अख्खे बाहेर काढायचे, दुरुस्त केलेले दुसरे आत ठेवायचे आणि गाडी रवाना करायची. जेथे हा शिरस्ता आणि तज्ज्ञ कारागीर होते तेथे डेल्टिक चालले. याच इंजिनाचे अर्धे रूप, नऊ सिलिंडरांचे, दहा लहान गाड्यांत बसवले गेले, ते इतके बिघडत राहिले की ‘बेबी डेल्टिक’ हे नाव रेल्वेत चेष्टेचा विषय झाले. मोठ्या डेल्टिकनाही नंतरच्या हायस्पीड गाड्यांनी हटवले आणि ३१ डिसेंबर १९८१ रोजी त्यांची नियमित सेवा संपली.

अमेरिकेतून खारकीव्हकडे

अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या बेलॉइट येथील फेअरबँक्स-मोर्स कंपनीने १९३० च्या दशकात पाणबुड्यांसाठी असेच इंजिन घडवले. एक क्रँकशाफ्ट वर, एक खाली आणि दोघांना जोडणारा उभा दांडा. खालचा क्रँक १२ अंश पुढे ठेवल्यामुळे सुमारे ७० टक्के शक्ती त्याच्याकडूनच मिळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या अनेक पाणबुड्या या इंजिनावर लढल्या. युद्ध संपल्यावर कंपनीने तेच इंजिन रेल्वेत आणले. १९५३ सालचे २,४०० अश्वशक्तीचे ‘ट्रेन मास्टर’ त्या काळी सर्वांत बलवान एकइंजिनी डिझेल गाड्यांपैकी होते. परंतु पाणबुडीत मुबलक गार समुद्रजल आणि शिस्तीचे नौसैनिक होते, तर रेल्वेत वाळवंटाची धूळ, तापलेली हवा आणि घाईतला फिटर. एक पिस्टन बाहेर काढायचा तरी वरचा क्रँकशाफ्ट उतरवावा लागे. दहा-पंधरा वर्षांत कंपनीला रेल्वेचा धंदा सोडावा लागला. समुद्रावर मात्र याच घराण्यातील इंजिने लॉस एंजेलिस वर्गाच्या अणुपाणबुड्यांत आणीबाणीच्या जनित्रासाठी आणि जमिनीवर अणुवीजकेंद्रांत राखीव वीजनिर्मितीसाठी टिकून राहिली.

रेल्वेतली तिची दुसरी कथा पूर्वेकडे घडली. सोव्हिएत अभियंत्यांनी अमेरिकी इंजिनाच्या नमुन्यावरून युक्रेनमधील खारकीव्हच्या मालिशेव्ह कारखान्यात आपले इंजिन बनवले आणि त्यावर चालणाऱ्या टीई-३ गाड्यांनी सोव्हिएत रेल्वेचे डिझेलीकरण घडवले. तेथून ती विद्या चीनच्या पहिल्या ‘तुंगफंग’ डिझेल गाड्यांपर्यंत गेली. ज्या रचनेला अमेरिकी रेल्वेने नाकारले, तीच सोव्हिएत देशात हजारोंच्या संख्येने धावली. विज्ञान दोन्हीकडे एकच होते. फरक होता तो पर्यायांचा, मनुष्यबळाचा आणि बिघाड सोसण्याच्या तयारीचा.

याच शहराने पुढे रणगाड्यांसाठीही समोरासमोरच्या पिस्टनांची इंजिने घडवली. १९९६ च्या करारानुसार पाकिस्तानने युक्रेनकडून ३२० टी-८० यूडी रणगाडे घेतले, आणि त्याच्या ‘अल खालिद’ रणगाड्यातही १,२०० अश्वशक्तीचे खारकीव्हचेच इंजिन आहे. आज त्या शहरावर रशियाचे बॉम्ब पडत असताना सुट्या भागांचा प्रश्न केवळ युक्रेनपुरता उरलेला नाही. एखादी दुर्मीळ रचना एकाच शहरातल्या एकाच कारखान्यावर अवलंबून असली की तिचा ग्राहकही त्या शहराच्या नशिबाला बांधला जातो.

सीमेच्या अलीकडे याच घराण्याचा निराळा अनुभव भारताच्या पदरी आहे. आवडीच्या कारखान्यात बनलेल्या आणि १९७१ च्या युद्धात उतरलेल्या ‘विजयंता’ रणगाड्यात ब्रिटनच्या लेलँड कंपनीचे एल-६० इंजिन होते, तेही समोरासमोरच्या पिस्टनांचेच. त्याचा जन्म एका धोरणातून झाला होता. रणगाड्याचे इंजिन मिळेल त्या इंधनावर चालले पाहिजे, असा नाटो राष्ट्रांचा १९५० च्या दशकातील आग्रह होता. ब्रिटनने तो मनावर घेऊन हे इंजिन घाईने घडवले. ब्रिटनच्या ‘चीफटन’ रणगाड्यात ते वर्षानुवर्षे लायनर, रिंगा आणि गळती यांनी सतावत राहिले. इतर राष्ट्रांनी मात्र तो आग्रह फारसा पाळलाच नाही.

हा प्रसंग आज मुद्दाम आठवावा असा आहे. कारण जहाजमालक आज नेमकी तीच मागणी करीत आहेत की इंजिन कोणत्याही इंधनावर चालले पाहिजे. आज तेल, उद्या मिथेनॉल, परवा अमोनिया.

पुनरागमनाची शक्यता

गेल्या वीस वर्षांत या रचनेकडे पुन्हा पाहिले गेले, यामागे ठोस कारणे आहेत. पिस्टनांची हालचाल, हवेचा प्रवाह आणि फवाऱ्याचा आकार यांचे गणित संगणकावर मांडता येऊ लागले. फवारा बारकाईने नियंत्रित करता येऊ लागला. रिंगा आणि लायनर यांचे धातू व लेप सुधारले. २००४ मध्ये सॅन डिएगो येथे स्थापन झालेल्या अकेटीज पॉवर या कंपनीने याच रचनेवर सारे लक्ष केंद्रित केले, आणि २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने कमिन्स व अकेटीज यांच्याकडे सुमारे १,००० अश्वशक्तीच्या इंजिनाचे काम सोपवले. लष्कराचे तर्कशास्त्र सरळ होते. इंजिनातून उष्णता कमी बाहेर पडली की रेडिएटर लहान होतो, आणि चिलखताखाली झाकावी लागणारी जागा वाचते.

परंतु लष्कराचे तर्कशास्त्र जहाजाला जसेच्या तसे लागू होत नाही. महासागर ओलांडणाऱ्या जहाजाला जागेची टंचाई नाही, आणि तेथील संथ इंजिनांनी कार्यक्षमतेत एवढी मजल मारली आहे की त्यांना हटवणे अवघड. खरी संधी मधल्या आकारात आहे. टगबोटी, फेरी, गस्तीनौका, जहाजावरील जनित्रे आणि बंदरातली कामे या ठिकाणी आज मध्यम गतीची फोर-स्ट्रोक इंजिने आहेत. तेथे लहान आकारात अधिक शक्ती आणि कमी उष्णताहानी यांना मोल आहे.

रेल्वेचे मैदान मात्र आक्रसत चालले आहे. भारताने ब्रॉडगेज मार्गांचे जवळजवळ संपूर्ण विद्युतीकरण केले आहे. बिहारमधील मढौरा येथे बनणारी डिझेल इंजिने आता गिनीसारख्या देशांत निर्यात होत आहेत. ब्रिटनमध्ये केवळ डिझेलवर चालणाऱ्या गाड्या २०४० पर्यंत हटवण्याचे उद्दिष्ट २०१८ मध्ये मांडले गेले. उत्तर अमेरिकेतील लांब मालगाड्या आणि आफ्रिकेतील खाणींचे मार्ग एवढाच या इंजिनाचा भावी ग्राहक उरतो. एवढ्या ग्राहकांसाठी नवे रेल्वे इंजिन पायापासून उभारण्यास कोणी धजावेल असे दिसत नाही.

नव्या इंधनांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. अमोनियात कार्बन नाही, पण तो सावकाश जळतो. उष्णता आत राखणारा, डोके नसलेला ज्वलनकक्ष त्याला पोषक ठरू शकतो. उलटपक्षी, अर्धवट जळालेला अमोनिया विषारी असतो, आणि त्याच्या ज्वलनातून नायट्रस ऑक्साइड निसटला तर तो वायू कर्बवायूच्या सुमारे पावणेतीनशे पट तापमानवाढ घडवतो. ज्या रचनेत खिडक्यांवाटे काहीतरी निसटण्याचा धोका मूळचाच आहे, तिने तेथे अधिक कठोर परीक्षा दिली पाहिजे. प्रयोगशाळेतील कार्यक्षमतेचा आकडा त्या परीक्षेला पर्याय ठरत नाही.

पणाला काय लागले आहे?

या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. समोरासमोरच्या पिस्टनांचे इंजिन उष्णतागतिकीच्या कसोटीवर कधीच नापास झाले नाही. ते हरले ते रेल्वेच्या शेडमध्ये आणि जहाजाच्या इंजिनघरात. जेथे निर्मात्याने देखभालीची जबाबदारी पत्करली, कामगारांना शिकवले आणि सुटे भाग पुरवले तेथे ते दशकानुदशके चालले. ब्रिटिश नौदलाच्या हंट वर्गातील सुरुंगशोधक नौकांवर डेल्टिकचा लहान भाऊ या शतकापर्यंत काम करत होता, त्याची जागा नव्या इंजिनांनी अगदी अलीकडे घेतली. जेथे इंजिन विकून निर्माता मोकळा झाला, तेथे त्याचे ओझे फिटरच्या पाठीवर पडले.

हाच धडा आज मिथेनॉल व अमोनियावर चालणाऱ्या प्रत्येक इंजिनाला लागू आहे, मग त्याला डोके असो वा नसो. जगाला नाविक पुरवणाऱ्या मोठ्या देशांत भारताची गणना होते, आणि मुंबई व कोकणातील घरांतून बोटीवर जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. विषारी इंधनाची नळी भर समुद्रात गळू लागली तर तिच्याजवळ जाणारा माणूस यांच्यापैकीच कोणीतरी असेल. त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च कोणी करायचा, दुरुस्तीसाठी पुरेसा वेळ आणि माणसे जहाजावर ठेवण्याची सक्ती कोणी करायची, याचा निर्णय आकारणीच्या दराइतकाच महत्त्वाचा आहे. उत्सर्जनाच्या आकारणीतून निधी उभा राहणार असेल, तर त्यातला ठरलेला वाटा नाविकांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा, अशी मागणी भारतासारख्या देशाने आग्रहाने मांडली पाहिजे.

सागरी संघटनेने निर्णय पुढे ढकलल्याने जहाजमालकांची अनिश्चितता वाढली आहे, आणि अनिश्चिततेत माणूस ‘सर्व इंधनांवर चालणारे’ यंत्र मागतो. एल-६० चा इतिहास सांगतो की अशी मागणी घाईने पुरी करू गेल्यास कोणत्याच इंधनावर धड न चालणारे यंत्र हाती येते. म्हणून नियम लवकर आणि स्पष्ट व्हावेत, कोणत्याही एका रचनेवर सरकारी अनुदानाची खैरात होऊ नये, आणि नव्या इंजिनाला परवानगी देताना त्याच्या कार्यक्षमतेच्या दाखल्याबरोबरच देखभालीचा आराखडाही मागितला जावा. समोरासमोरच्या पिस्टनांचे इंजिन या कसोटीला उतरले तर टगबोटींत आणि फेरीत ते पुन्हा दिसेल. ते न उतरले तरी ही कसोटी तिच्यानंतर येणाऱ्या इंजिनांच्या, आणि त्यांच्याशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसांच्या, कामी येईल.